श्रावणातला धूर

उंब्रजच्या नाथाजी साळुंख्याला लोक फौजी म्हणायचे, पण ते त्याच्या माघारी, आणि म्हणण्याआधी एकदा मागं वळून बघायचे. त्याचा हात कधी उठेल याचा नेम नव्हता. हात म्हणजे उजवा. डावा कोपराखाली नव्हताच. एकेचाळीस साली आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर मराठा पलटण चढत असताना तो हात गेला. तिथून नाथाजी बोटीनं, मग रेल्वेनं, मग बैलगाडीनं घरी आला. घरात ऊस होता, मोट होती, बैल होते, बायको राहीबाई होती. सगळं होतं तसंच होतं. त्याचाच मेळ कशाशी बसेना.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं आपल्या चांगल्या बैलाला झोडपलं. मोटेवर बैल अडला, एवढंच निमित्त. आसूड तुटला तसा नाथाजीनं दांडकं उचललं आणि बैल गुडघ्यावर आला तरी तो मारतच राहिला. बैलाचा एक डोळा फुटला. राहीबाई मध्ये पडली तेव्हा दांडकं तिच्या जबड्यावर बसलं. तिच्या तोंडातनं रक्त आलं, ते बघून नाथाजी थांबला, मोटेच्या थारोळ्यापाशी बसला आणि ओकला. राहीबाईनं तुटलेला दात थुंकला आणि आधी बैलाला पाणी पाजलं.

त्यानंतर तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढायला लागला. डोंगर, डोंगरावर आडवी पडलेली माणसं, काहींना डोकी नाहीत. राहीबाई शेण काढायला गेली की ती माणसं तिच्याकडं बघत. एक दिवस तिनं नवऱ्याचा धड हात धरला आणि त्याला लालासाहेब मास्तरांपुढं नेऊन उभं केलं.

लालासाहेब आतार सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी संपली, बायको वारली, तसे ते उंब्रजला भावाकडं येऊन राहिले. माणूस काडीसारखा, पण आवाज भरदार. दर रविवारी ते तालमीच्या ओसरीवर जलरंगाचा वर्ग घेत. फी नव्हती आणि वयाची अटही नव्हती. कोंडीबा शिंपी यायचा, रांगोळीत हात बसलेली साळूबाई यायची, शाळेतले गुरुजी यायचे, आणखी काही जण यायचे-जायचे. लढाईमुळं विलायती रंग मिळत नव्हते. मग गेरू, हळद, कपड्याची नीळ, दिव्याची काजळी आणि कुंकू, एवढ्यावर त्यांचं जग रंगायचं.

"मास्तर," राहीबाई म्हणाली, "ह्येंनी गोठ्याची भित भरवलीया. बघवत न्हाई. तुमी ह्येंना कागदावर काढायला लावा. भित तरी पांढरी ऱ्हाईल."

मास्तरांनी नाथाजीकडं पाहिलं आणि चटईवर सरकून त्याला जागा केली.

वर्गाची एक रीत होती. आठवडाभरात प्रत्येकानं एक चित्र काढायचं. बाजाराच्या दिवशी ओसरीला सुंभाची दोरी बांधून कोंडीबाच्या टाचण्यांनी सगळी चित्रं तिच्यावर लटकवायची. मग एकानं दुसऱ्याच्या चित्रापुढं उभं राहून त्यात काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. चांगलं की वाईट हे बोलायचं नाही. "आवडलं का नाही, ते घरी जाऊन सांगा," मास्तर म्हणत. "इथं फक्त दिसतं काय, ते बोला." बाजारकरी माणसंही थांबून बघायची, गूळ-मिरच्यांची गाठोडी खाली ठेवून आपलंही सांगून जायची.

नाथाजीच्या चित्रांपुढं मात्र कुणी बोलेना. त्याचं कुंकू सगळ्यांच्या आधी संपायचं. एका बाजाराला पानवाला त्याच्या चित्राकडं बोट दाखवून हसला. "ह्यो काय बकऱ्याचा बाजार मांडलायस रं?" एवढंच म्हणाला. नाथाजीनं एका हातानं त्याचा गळा धरून त्याला तालमीच्या खांबावर दाबला. पानवाल्याचे पाय जमिनीपासून सुटले. दोघं तिघं पैलवान ओढत होते तरी पकड सुटेना. तेव्हा मास्तरांनी ब्रश धुतलेल्या गढूळ पाण्याचा डबा उचलला आणि नाथाजीच्या डोक्यावर ओतला.

"सोड त्याला!"

नाथाजीनं सोडला. त्याच्या मिशांवरनं निळं-तांबडं पाणी गळत होतं.

"आजपासून जे डोळ्यांसमोर आहे तेवढंच काढायचं," मास्तर म्हणाले. "गेलेलं नाही. मनातलं नाही. समोरचं. आणि जसं दिसतं तसं. त्यात तुझं काही घालायचं नाही, काढायचंही नाही. कबूल असेल तर बस, नाहीतर घरी जा."

नाथाजी बसला. पलटणीत हुकूम मानायची सवय होती, आणि इतक्या दिवसांत त्याला हुकूम असा कुणी दिला नव्हता.

तो आता कागदाची सुरळी काखेत मारून नदीकाठी फिरायला लागला. मोट काढली, चिंच काढली, धुणं धुणाऱ्या बायकांच्या पाठी काढल्या. एक ओळ चुकली तर कागद फाडायचा, पण माणसाला हात लावायचा नाही. राहीबाईनं गोठ्याची भिंत चुन्यानं रंगवून घेतली. त्या पावसाळ्यात त्यानं तिला एकदाही मारलं नाही, असं तिनं साळूबाईला सांगितलं.

त्रेचाळीस सालचा श्रावण होता. नाथाजीचा चुलतभाऊ आकाराम याचं गुऱ्हाळ गावाबाहेर कृष्णेच्या काठाला होतं. आकाराम नाथाजीच्या बरोबरीचा. दोघं एकाच तालमीत खेळलेले. तो मोकळा हसणारा, अंगानं थोराड, बायको बनुबाई आणि नुकती चालायला लागलेली मुलगी एवढा त्याचा संसार. सरकारविरुद्ध उठलेली भूमिगत मंडळी त्या काळात रानोमाळ फिरत होती आणि त्यांना कोण भाकरी देतं हे गावात निम्म्यांना माहीत होतं. पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. नाथाजीपुढं तर मुळीच नाही. तो सरकारची पेन्शन खाणारा.

पावसानं उघडीप दिली तशी नाथाजी वरच्या बांधावर आंब्याखाली बसला आणि समोर दिसलं ते गुऱ्हाळ काढायला लागला. ओला पत्रा, भिंतीला टेकवलेली चिपाडं, मागं ऊस, त्याच्या मागं गढूळ नदी. आणि पत्र्याच्या फटीतनं वर जाणारा पातळ धूर. त्या धुरानं त्याला छळलं. कागद फार ओला असला की काजळी पसरायची, वाळला की धुराची काठी व्हायची. दोन-तीन कागद फुकट गेल्यावर त्यानं कापसाच्या बोळ्यानं रंग टिपून घेतला आणि धूर उतरला. खराखुरा, बघता बघता विरेल असा. नाथाजी स्वतःशी हसला. श्रावणात गुऱ्हाळ पेटत नाही, ते दिवाळीनंतर पेटतं, हे त्याला शेंबड्या पोराइतकं माहीत होतं. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात फक्त काजळी आणि पाणी होतं.

बाजाराच्या दिवशी चित्र दोरीवर लागलं. साळूबाई पुढं झाली. "वल्ला पत्रा दिसतुया. हात लावला तर गार लागंल."

"धूर दिसतुया," कोंडीबा म्हणाला. "पातळ. वर जातुया का खाली येतुया तेच कळंना असा."

सगळे हसले, नाथाजीही हसला. त्याच वेळी गर्दीच्या मागं नवा फौजदार उभा होता. तो भूमिगतांच्या मागावर पोलीस घेऊन आला होता आणि बाजारात माणसांची तोंडं न्याहाळत फिरत होता. कोंडीबा भाबडा. त्यानं साहेबाला वाट करून दिली.

"या सायेब, तुमीबी सांगा काय दिसतंय. आमची रीतच हाय तशी."

फौजदार चित्राजवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मलाही धूर दिसतो. इकडं गुऱ्हाळं कधी पेटतात हो?"

"दिवाळी झाल्याव."

"आणि हे चित्र कधीचं?"

"ह्याच आठवड्याचं," कोंडीबा अभिमानानं म्हणाला. "आमच्यात जुनं चित्र चालत न्हाई."

बोलून झालं आणि कोंडीबाचं तोंड तसंच उघडं राहिलं. फौजदारानं चित्राखालचं नाव वाचलं, नाथाजीकडं बघून मान हलवली आणि शांतपणे पायऱ्या उतरला. खाली उतरल्यावर मात्र त्याची शिट्टी वाजली.

नाथाजी पळाला. पोलिसांची लॉरी रस्त्यानं वळसा घालून जाणार होती, तो उसातनं सरळ गेला. पाचटानं तोंड कापलं, चिखलात दोनदा पडला, एका हातानं उठला. गुऱ्हाळाच्या मागच्या अंगाला तो बाहेर पडला तेव्हा पुढच्या अंगाला लॉरी थांबत होती.

"आकाराम! पळा! नदीकडं पळा!"

दार उघडून आकाराम बाहेर आला. काय झालंय हे बघायलाच आला असेल. पहिलीच गोळी त्याच्या पोटात लागली. आतून दोन माणसं मागच्या फटीतनं निघाली आणि नदीत उडी टाकून पुराच्या पाण्याला लागली. तिसऱ्याच्या हातात बंदूक होती. तो रस आटवायच्या काहिलीच्या आडून झाडत राहिला. एक शिपाई मांडी धरून खाली बसला. मग पोलिसांनी सगळ्यांनी मिळून पत्र्यावर गोळ्या घातल्या. पत्र्याचा असा आवाज उठला, की गावात बाजार उधळला. तो थांबला तेव्हा तिसऱ्या माणसाचं डोकं काहिलीच्या कडेवर लटकत होतं.

नाथाजी या सगळ्यात सरपटत आकारामपाशी पोचला होता. त्याला कमरेच्या धोतराला धरून तो उसाकडं ओढत होता, आणि आकारामची आतडी त्याच्या हातावर येत होती. उसाच्या पहिल्या सरीत त्यानं त्याला ठेवलं.

"कुणी सांगितलं रं?" आकारामनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. दोन श्वासांचा प्रश्न होता. पण नाथाजी म्हणाला, "माझ्या चित्रात धूर हुता, गड्या."

आकारामला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं "चित्र?" असं म्हटलं, नवल वाटल्यासारखं, आणि तो गेला.

सांजेला चावडीपुढं दोन प्रेतं गाडीवर ठेवली होती. गाव जमलं होतं. बनुबाई नवऱ्याच्या पायाला मिठी मारून बसली होती आणि शिपाई तिला सोडवत होते. फौजदारानं गर्दीतनं नाथाजीला पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"शाब्बास फौजी! तुझ्या चित्रानं आज सरकारचं काम केलं."

नाथाजीनं त्याच्या नरड्याला हात घातला. फौजदार खाली पडला, नाथाजी त्याच्या छातीवर बसला आणि बंदुकांचे दस्ते पाठीवर पडत असतानाही त्यानं त्याच्या गालाचा लचका तोडला. शिपायांनी त्याच्या बरगड्या मोडल्या. लढाईतला जखमी शिपाई म्हणून त्याला तुरुंगात टाकलं नाही, अर्धमेला करून चावडीच्या मागं फेकून दिला. पण गावानं ऐकलं होतं ते 'शाब्बास'. बाकीचं सगळं सोंग, असं लोक म्हणाले. त्याच संध्याकाळी तालमीच्या ओसरीवरची चित्रं ओढून काढून बाजारपेठेत जाळली गेली. मास्तरांची विलायती रंगांची जुनी पेटी कुणीतरी दगडानं ठेचली. मास्तर मध्ये पडले तर त्यांच्या कपाळावर तोच दगड बसला.

बरगड्या नीट सांधायच्या आधीच भूमिगत मंडळी नाथाजीला घेऊन गेली. भर दुपारी, घरातनं. राहीबाई दारात आडवी पडली, तिला ओलांडून नेलं. नदीपलीकडच्या एका ओढ्यात निवाडा बसला. पुढारी म्हणजे वकिलीच्या परीक्षेला बसलेला एक तरुण माणूस, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. पुरातनं पोहून वाचलेल्या दोघांपैकी एक, सयाजी, त्याच्या शेजारी उभा होता. काहिलीवर मेलेला माणूस या सयाजीचा सख्खा धाकटा भाऊ. बनुबाईलाही आणलं होतं.

"धूर काढलास का न्हाई?" पुढाऱ्यानं विचारलं.

"काढला."

"का?"

"दिसला म्हणून."

"सरकारनं काय दिलं?"

नाथाजीनं सदरा वर करून काळ्यानिळ्या बरगड्या दाखवल्या. सयाजी म्हणाला, "ही नाटकं आमाला नगं."

पुढाऱ्यानं बनुबाईला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

बनुबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्येचा ऱ्हायलेला हात तोडा," ती म्हणाली. "ज्या हातानं काढलं त्यो."

सयाजीनं कोयता घेतलाही. तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगानं डोक्याला फडकं बांधलेले लालासाहेब मास्तर धापा टाकत उतरले. राहीबाईनं त्यांना पाठवलं होतं. ते नाथाजीच्या पुढं येऊन उभे राहिले.

"दिसतं तसं काढ, काही वगळू नकोस, हे मी सांगितलं त्याला," ते म्हणाले. "हुकूम माझा होता. हात तोडायचा तर हा घ्या."

"मास्तर, तुमी बाजूला व्हा," पुढारी म्हणाला.

"नाही होत."

सयाजीनं त्यांना ढकललं. म्हातारा दगडांवर पडला, उठला आणि पुन्हा तिथंच येऊन उभा राहिला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. पुढाऱ्यानं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "हात ऱ्हाऊ दे. पाय."

नाथाजीला उताणा पाडून त्याचे पाय काठीला बांधले. दोघांनी काठी धरली आणि सयाजीनं तळव्यांवर मारायला सुरुवात केली. वेताच्या ओल्या काठ्या होत्या. एक मोडली की दुसरी. आधी कातडी सुजली, मग फुटली, मग मांसाचा आवाज यायला लागला. नाथाजीनं धोतराचा सोगा तोंडात कोंबला होता, त्याच्या घशातनं नुसती घरघर येत होती. मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बनुबाई सगळं शेवटपर्यंत बघत राहिली. सयाजीचा हात दमला तेव्हाच ते थांबलं. मग पुढाऱ्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा मास्तरांकडं टाकला आणि म्हणाला, "बांधा त्येला."

राहीबाईनं हळद-तेलात भिजवलेल्या चिंध्या बदलत हिवाळा काढला. जखमा भरल्या, पण तळवे आक्रसले. नाथाजी टाचांवर चालायला लागला, लहान मूल पहिल्यांदा चालतं तसा, हात पसरून. ब्रश त्यानं चुलीत घातला. वर्ग मोडला होता. तरी मास्तर दर रविवारी यायचे, कोरा कागद उंबऱ्यावर ठेवायचे आणि काही न बोलता जायचे. राहीबाई तो उचलून फळीवर ठेवायची.

एका रविवारी मास्तरांच्या मागोमाग बनुबाई आली. राहीबाईनं विळा हातात घेतला आणि ती दारात उभी राहिली.

"मारायला न्हाई आले," बनुबाई म्हणाली. तिनं मुलीला कडेवरून खाली ठेवलं. "हिच्या बाचा फोटू न्हाई. एकबी न्हाई. पोरगी मोठी हुईल, इचारंल बा कसा हुता. शेवटचं तूच बगितलंस. काढ."

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," नाथाजी म्हणाला.

"का?"

"मला त्येचा एकच चेहरा दिसतुया."

"त्यो तर त्यो. काढ."

राहीबाईनं फळीवरचे कागद काढून दिले. शेजारी जाऊन काजळी, गेरू आणि कुंकू आणलं. बैलाच्या शेपटीच्या केसांचा ब्रश मास्तरांनी तिथंच बांधला. नाथाजीनं चित्र काढलं. पांढरे पडलेले ओठ, तोंडाच्या कोपऱ्यात रक्त, नवलानं उघडे राहिलेले डोळे. बनुबाईनं ते बघितलं आणि किंचाळून त्याच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, मारतच राहिली. नाथाजीनं हात वर केला नाही. राहीबाईनं तिला मागून मिठी मारून ओढलं, तशी बनुबाई तिच्या अंगावर कोसळली.

"धूर मी केला," ती ओरडली. "ते नगं म्हणीत हुते. म्हणीत हुते, घरनं भाकरी आण, हितं जाळ करू नगं. तीन गडी पावसानं गारठल्यालं. मला वाटलं गरम कालवण देऊ. मीच चुलवाण पेटवलं. मीच!"

मुलीनं कुंकवात बोट बुडवलं होतं, तेवढं राहीबाईनं पुसलं.

"म्होरल्या रविवारी परत काढतो," नाथाजी म्हणाला.

तो काढत गेला. बनुबाई दर रविवारी यायची आणि काय चुकलं ते सांगायची. नाक असं नव्हतं, कपाळ रुंद होतं, हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. नाथाजीनं काढलेला चेहरा जिवंत होईना. कितीही केलं तरी ओठ शेवटी पांढरेच यायचे. तेव्हा मास्तर म्हणाले, "एकट्याचं काम नाही हे," आणि त्यांनी कोंडीबाला बोलावलं, साळूबाईला बोलावलं. कोंडीबा आधी येईना. आपल्या तोंडानं आकाराम मेला, असं त्यानं मनाला लावून घेतलं होतं. त्यानं त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी दुकान उघडलं नव्हतं. साळूबाईनं त्याला दंडाला धरून आणलं.

वर्ग पुन्हा बसला तो तालमीत नव्हे, नाथाजीच्या गोठ्यात. प्रत्येकानं आठवड्याला आकारामचं एक चित्र काढायचं आणि बनुबाईपुढं ठेवायचं. गुरुजींनी त्याला शाळकरी वयातला काढला. साळूबाईनं त्याचा फेटा काढला, कारण चेहरा तिला जमत नव्हता. मास्तरांनी कुस्तीतला काढला. बनुबाई एकेक हातात घ्यायची आणि बाजूला ठेवायची. कधी रडायची, कधी चिडून फाडायची. एकदा तिनं मास्तरांचं चित्र शेणात टाकलं, मास्तरांनी ते धुऊन वाळत घातलं.

कोंडीबा आकारामचे सदरे शिवायचा. त्याला चेहरा आठवेना, पण अंगाचं माप आठवत होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, तिथं कापड जास्त सोडावं लागायचं. त्यानं निळीच्या फिकट रंगात एक माणूस काढला. पाठमोरा, बांधावरून चाललेला, एक खांदा उतरलेला.

बनुबाईनं ते हातात घेतलं आणि उतरलेल्या खांद्यावर बोट ठेवलं.

"ह्येच," ती म्हणाली. "आसंच जायाचं."

तिनं ते छातीशी धरून घरी नेलं. नाथाजीला वाईट वाटलं नाही असं नाही. त्यानं इतक्या रविवारांत इतके चेहरे काढले होते. पण त्या रात्री तो निजला आणि ओरडत उठला नाही, हे राहीबाईच्या ध्यानात आलं.

शेहेचाळीस साली भूमिगतांवरची वॉरंटं उठली. पुढारी उघड्यावर आला, त्याला हार पडले. फौजदाराची बदली झाली होती, गालावरचा वण घेऊन तो कुठं तरी मोठ्या हुद्द्यावर गेला, असं लोक सांगत. सत्तेचाळीस साल आलं, झेंडावंदन झालं. त्यानंतरच्या एका बाजाराला सयाजी उंब्रजात आला, बी-बियाणं घ्यायला.

नाथाजी तेव्हा काठीच्या आधारानं चालायचा. त्यानं सयाजीला धान्याच्या ढिगापाशी वाकलेला बघितलं. तो टाचांवर डुलत डुलत गेला, काठी उचलली आणि सगळ्या अंगाच्या जोरानं त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या कासाराला ऐकू आला. सयाजी जोंधळ्यात पालथा पडला. नाथाजीनं दुसरा तडाखा पाठीवर दिला, तिसरा दिला, आणि तोल जाऊन स्वतःही ढिगात कोसळला. माणसं धावली. सयाजीनं पडल्या पडल्या हात वर करून त्यांना थांबवलं.

"झालं का?" त्यानं विचारलं. तोंडात जोंधळा गेला होता.

नाथाजी धापा टाकत होता. "झालं."

"मग उठीव मला."

कुणी चौकीत गेलं नाही. नाथाजीनंच गाडी जुंपली, एकडोळ्या बैलाची, आणि सयाजीला उसाच्या पाचटावर निजवून कराडच्या वाटेवरच्या हाडवैद्याकडं निघाला. धक्का बसला की सयाजी दात चावायचा.

"पाय बरं झालं का तुझं?"

"टाचंव चालतुया."

"लय मारलं मी."

"व्हय."

"माझा भाऊ हुता रं त्यो. ल्हानगा. मीच त्येला बरूबर घेतला हुता."

नाथाजीनं बैलाला चुचकारलं. थोड्या वेळानं म्हणाला, "आकाराम माझा भाऊच हुता."

हाडवैद्यानं खांदा दाबून बघितला आणि हाड बसवायला दोन धट्टेकट्टे गडी लागतील म्हणाला. तिथं दुसरं कुणी नव्हतं. "मी धरतो," नाथाजी म्हणाला. वैद्यानं त्याच्या थोट्या हाताकडं बघितलं, पण नाथाजी आधीच खाली बसला होता. त्यानं गुडघा सयाजीच्या कमरेवर रोवला, थोटा हात त्याच्या मानेखाली घातला आणि उजव्या हातानं त्याची छाती जमिनीला दाबून धरली.

"वरड," तो म्हणाला. "हितं कोण न्हाई."

वैद्यानं खांदा ओढला. सयाजी असा ओरडला की बाहेर बैल बिथरला. त्यानं नाथाजीच्या दंडाला दात लावले, रक्त काढलं, लाथा झाडल्या. हाड जागेवर बसेपर्यंत नाथाजीनं त्याला सोडलं नाही.